मापाचा ब्लाउज जुना झाला

प्रश्न : माझं वय ७२. मी निवृत्त शिक्षिका आहे. येत्या मार्गशीर्षात नातीचं लग्न आहे, म्हणून कपाट उघडून बसले. साड्या भरपूर आहेत. पण ब्लाउज घालून पाहिले, तर पाठीत वर चढतात आणि पुढे चुण्या पडतात. साडी मात्र नेहमीसारखीच खोचली तरी जमिनीवर लोळते. गेल्या पंधरा वर्षांत माझं वजन दोन किलोही वाढलेलं नाही. नात म्हणते, "आजी, हे ब्लाउज अगदीच जुने वाटतात गं." आणि हीच नात माझ्या आईची खणाची चोळी हळदीला घालायला मागते आहे! शेजारच्या वहिनींच्या मते आता मला फिके रंगच शोभतील. मला कळत नाही, फॅशन बदलली की मी बदलले? आणि या वयात फॅशनच्या मागे जावं का?

उत्तर : तुमचा प्रश्न एक दिसत असला तरी त्यात चार धागे गुंतलेले आहेत. ब्लाउज वर चढतो हा शरीराचा धागा. रंग कोणता घ्यावा हा काही अंशी डोळ्यांचा आणि बराचसा रूढीचा. आणि नातीला तुमचा ब्लाउज जुनाट वाटतो, पण पणजीची चोळी हवीशी वाटते, हा खरा फॅशनचा. चारही एकदम ओढले की गाठ घट्ट बसते. आपण एकेक सोडवू.

वजन तेच, मग ब्लाउज का बसत नाही?

वजनकाटा आपण किती आहोत एवढंच सांगतो, कुठे किती आहोत हे सांगत नाही. शिंप्याला मात्र दुसऱ्याच गोष्टीशी काम असतं.

आपल्या मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. वयाबरोबर त्यांच्यातलं पाणी कमी होतं आणि त्या चपट्या होत जातात. त्यामुळे चाळिशीनंतर दर दहा वर्षांमागे उंची साधारण एक सेंटीमीटरने कमी होते आणि सत्तरीनंतर हा वेग आणखी वाढतो. म्हणजे तुमची उंची तीन सेंटीमीटरने घटली असेल, तर त्यात वावगं काही नाही.

इथे तुम्ही विचाराल, उंची पाठीत कमी झाली, पाय तर तेवढेच आहेत. मग साडी का लोळते? बरोबर आहे, पायांची हाडं आखूड होत नाहीत. पण कणा खाली बसला की बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्यामधलं अंतर कमी होतं. पूर्वी कमरेला जी खोबण होती, जिथे परकराची नाडी बसायची, ती भरून जाते. नाडी आधाराच्या शोधात हळूहळू खाली, कमरेच्या हाडावर सरकते. आपल्याला वाटतं साडी नेहमीच्याच जागी खोचली, पण ती जागाच दोन बोटं खाली आलेली असते. साडीचा काठ तेवढाच जमिनीला लागतो.

ब्लाउजचं कारण याहून सोपं आहे. वयाबरोबर पाठीला किंचित बाक येतो. धनुष्य डोळ्यांसमोर आणा. वाकवलं की बाहेरची बाजू लांब होते, आतली आखूड. तसंच पाठीचं माप वाढतं आणि छातीकडचं कमी होतं. आता जुना ब्लाउज घातला की मागचं कापड अपुरं पडतं, म्हणून तो वर चढतो. पुढचं जादा होतं, म्हणून चुण्या पडतात. खांदे थोडे पुढे झुकतात, त्यामुळे बाही मुंढ्यात ओढली जाते. ब्लाउजमध्ये दोष काही नाही. तो ज्या देहासाठी शिवला, तो देह आज नाही, इतकंच.

मग नवे ब्लाउज तरी नीट का बसत नाहीत? कारण आपण शिंप्याला माप देत नाही, 'मापाचा ब्लाउज' देतो. पंधरा वर्षांपूर्वीचा एक आवडता ब्लाउज पिशवीतून नेतो आणि म्हणतो, याच मापाने शिवा. शिंपी इमानदारीने तोच बेतून देतो. कापड नवं, शिलाई नवी, माप मात्र पंधरा वर्षांपूर्वीचं. घरोघरी हे असंच चालतं.

म्हणून पहिलं काम हे करा : मापाचा ब्लाउज घरी ठेवा आणि अंगावर माप घ्यायला सांगा. पाठीची उंची आणि पुढची उंची वेगवेगळी मोजायला लावा. मान ते कंबर असं एकच माप घेऊन भागणार नाही. पुढचे टक्स कुठे यायला हवेत, ते नव्याने ठरवा. माप देताना ताठ उभं राहू नका. शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसे आपण शिंप्यासमोर उभे राहतो आणि दुकानाबाहेर पडल्यावर नेहमीसारखे वाकतो. रोज जशा उभ्या राहता, तशाच राहा. परकराचीही उंची पुन्हा मोजा. जुन्या चांगल्या ब्लाउजच्या शिलाईत कापड सोडलेलं असेल, तर तेही उसवून बरेच दुरुस्त होतात.

एक गोष्ट मात्र फॅशनची नाही, आरोग्याची आहे. तरुणपणीच्या तुलनेत उंची चार सेंटीमीटरहून अधिक घटली असेल, किंवा बाक थोड्याच काळात वाढला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ होऊन मणका दबला असण्याची शक्यता तपासून घ्यायला हवी.

हेच आजोबांनाही लागू आहे. लग्नात कंबर चौतीस होती, म्हणून आजही चौतीसचीच पँट मागायची, मग ती पोटाखाली घसरते आणि पायाशी तिच्या घड्या पडतात. पावलांचंही तेच. वयाबरोबर तळपायाची कमान सैल पडते आणि पाऊल थोडं लांब आणि रुंद होतं. ज्यांनी वीस वर्षं बुटाचा नंबर विचारला नाही, त्यांनी या वेळी पाऊल मोजून घ्यावं. अनेकांची 'नवे बूट चावतात' ही तक्रार तिथेच मिटेल.

रंग बदलले की डोळे?

आता दुसरा धागा. तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्या वयाच्या अनेकजणी सांगतात : दुकानात काळा म्हणून घेतलेला ब्लाउजपीस घरी सून म्हणते गडद निळा आहे. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. डोळ्यातलं भिंग जन्मतः स्वच्छ असतं, वयाबरोबर ते पिवळसर होतं. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, तसंच हे भिंग अडवतं. त्यामुळे निळे, जांभळे रंग मंद दिसतात, आणि गडद निळा व काळा यांतला फरक कळेनासा होतो. हा बदल इतका सावकाश होतो की आपल्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

उपाय दोन. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. कापड घेऊन दाराशी, दिवसाच्या उजेडात या. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कपाट पुन्हा एकदा पाहा. नवं भिंग स्वच्छ असतं, निळे रंग अचानक उठून दिसतात. ज्या साड्या मळकट वाटून बाजूला ठेवल्या होत्या, त्यातल्या काही तशा नव्हत्याच, असं लक्षात येतं.

म्हातारपणी फिके रंग, हा नियम कुणाचा?

तुमच्या वहिनींनी हे मायेनेच सांगितलं असेल, पण या नियमाला आपल्याकडे फारसा जुना आधार नाही. आपल्या आज्यांची लुगडी आठवा. हिरवं, जांभळं, कुंकवाच्या रंगाचं, काळी चंद्रकळा, ठसठशीत काठाचं इरकल. वय साठ असो की ऐंशी, गडद रंगाचं लुगडं आणि त्यावर वेगळ्याच रंगाची चोळी, हाच रिवाज होता. फिक्कट बदामी, राखाडी, मोतिया हे रंग 'वयाला साजेसे' ठरले ते पुष्कळ नंतर.

या समजुतीत एक जुनं दुःख मिसळलेलं आहे, तेही सांगायला हवं. देशाच्या अनेक भागांत पांढरं वस्त्र विधवेसाठी नेमलेलं होतं. महाराष्ट्रात मात्र कित्येक ब्राह्मण घरांत विधवेला तांबडं आलवण नेसावं लागे. म्हणजे कुठे पांढरा रंग सक्तीचा, तर कुठे तांबडा. रंग वेगळे, हुकूम तोच : ही बाई आता स्वतःसाठी निवड करणार नाही. त्या रंगाचा स्त्रीच्या वयाशी किंवा कांतीशी काही संबंध नव्हता. तो हुकूम गेला, पण त्याची सावली 'या वयात हे शोभत नाही' या वाक्यात अजून रेंगाळते. म्हणून मला मनापासून वाटतं की या वाक्यापुढे मान तुकवू नये.

दिसण्याच्या अंगाने पाहिलं तरी फिका रंग नेहमी बरा असतोच असं नाही. केस पिकतात म्हणजे केसांतलं रंगद्रव्य कमी होतं. भुवया विरळ आणि ओठ फिके होतात. चेहऱ्यातला गडद-फिक्याचा भेद कमी होतो. अशा चेहऱ्याजवळ फिकाच रंग आला की सगळं एकात मिसळून जातं. उलट पिकल्या केसांजवळ डाळिंबी, मोरपंखी किंवा गडद हिरवा रंग आला, तर चेहरा उजळ दिसतो. ज्यांना फिके रंग मनापासून आवडतात त्यांनी ते खुशाल नेसावेत, फक्त आवडतात म्हणून. वय झालं म्हणून नकोत.

नातीला पणजीची चोळी आवडते, आजीचा ब्लाउज का नाही?

हा तुमच्या पत्रातला सर्वांत मजेदार भाग. याचं उत्तर जेम्स लेव्हर या इंग्रज वेशभूषा-अभ्यासकाने १९३७ मध्ये 'टेस्ट अँड फॅशन' या पुस्तकात देऊन ठेवलं आहे. एकच पोशाख निरनिराळ्या काळात लोकांना कसा दिसतो, याचा त्याने एक तक्ता मांडला. फॅशन नुकतीच गेली की तो पोशाख गबाळा वाटतो. दहा वर्षांनी कुरूप, वीस वर्षांनी हास्यास्पद. तीस वर्षांनी गंमत वाटू लागते, पन्नास वर्षांनी त्यात काहीतरी वेगळेपण दिसतं, सत्तर वर्षांनी तो मोहक वाटतो आणि दीडशे वर्षांनी सुंदर. हे काही मोजून काढलेलं शास्त्र नव्हे, जाणत्या माणसाचं निरीक्षण आहे. पण आपल्या घरातली कपाटं उघडली की ते पटतं.

आता हिशेब करा. तुमचे ब्लाउज दहा ते वीस वर्षांचे, म्हणजे तक्त्यातल्या सर्वांत वाईट घरात. तुमच्या आईची चोळी सत्तरीच्या घरात. नात तुमच्या आवडीला नावं ठेवत नाही, ती काळाच्या ज्या अंतरावर उभी आहे तिथून तिला तसंच दिसणार. तुम्हीही विशीत असताना आईच्या चोळीला जुनाट म्हणाला असाल, आणि आजीच्या नथीवर मात्र हक्क सांगितला असेल.

खणाचंच पाहा. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी खण विणत आले. मग ब्लाउज आले आणि खण उरला तो ओटी भरण्यापुरता, देवीला वाहण्यापुरता. गेल्या काही वर्षांत मात्र खणाचे कुर्ते, पिशव्या, एवढंच काय, अख्ख्या साड्या निघाल्या. कापड तेच, पाहणारी पिढी बदलली.

म्हणून चांगल्या कापडाचे जुने कपडे टाकू नका. पण ते ठेवणं आणि रोज वापरणं यांत फरक करा. पंधरा वर्षांपूर्वीची साडी आजही देखणी असते, कारण साडीला कापणं-शिवणं नाही. जुनाट दिसतो तो तिच्यावरचा ब्लाउज : बाहीची लांबी, गळ्याचा आकार, खांद्याची रुंदी. साडी तीच ठेवून ब्लाउज नवा शिवला की निम्मं कपाट पुन्हा आजचं होतं. एवढ्या थोड्या खर्चात काळाबरोबर राहण्याची सोय साडीने करून ठेवली आहे.

मग फॅशनच्या मागे जावं का?

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०४ मध्ये लिहिलेल्या निबंधात फॅशनच्या मुळाशी दोन ओढी दाखवल्या : चारचौघांसारखं असावं आणि चारचौघांत उठून दिसावं. विशीत या दोन्ही ओढी फार जोरात असतात, कारण आपण कोण हे अजून ठरायचं असतं. बहात्तराव्या वर्षी ते ठरलेलं असतं. त्यामुळे तुम्हाला प्रत्येक लाटेबरोबर हलण्याची गरज नाही. पण म्हणून फॅशनकडे पाठ फिरवण्याचंही कारण नाही.

'आमच्या आज्या कुठे फॅशन करत होत्या?' असं कुणी म्हटलं, तर त्यांना साडीचीच गोष्ट सांगा. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. १८६० च्या दशकात ते नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी इथल्या पारशी स्त्रियांचं साडी नेसणं पाहिलं, त्यात सोयीचे फेरबदल केले आणि परकर-ब्लाउजसह ती पद्धत कोलकात्याला नेली. आज आपण जिला साधी, सोज्वळ गोल साडी म्हणतो, ती अशा बदलांतूनच घडत आली. आपल्याकडेही कितीतरी जणींनी चाळिशी-पन्नाशीत नऊवारी सोडून गोल साडी नेसायला सुरुवात केली, आणि घरच्यांची बोलणी खाऊन केली. वय झाल्यावर नवं स्वीकारणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

नव्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, याची कसोटी साधी आहे. जे तुमच्या शरीराला मदत करतं ते घ्या, जे त्याच्याशी भांडतं ते सोडा. कोपरापर्यंतची बाही चालते आहे? जरूर घ्या, दंडाची सैल झालेली कातडी झाकली जाते आणि खांदाही मोकळा राहतो. पाठीवर दोरी आणि लटकन? हात मागे नेताना खांदा दुखत असेल तर नको. पुढून हूक असलेला ब्लाउज म्हणजे तडजोड, असं अनेकींना वाटतं. पण आपली जुनी खणाची चोळी पुढेच गाठ मारून घालत. पुढून बंद होणारा ब्लाउज हीच आपली मूळ रीत. बोटं आखडत असतील, तर आत वेलक्रो आणि वर शोभेची बटणं लावून घ्या. चुंबकाची बटणंही मिळतात. पण छातीत पेसमेकर असेल तर ती टाळा.

कापडाचंही असंच. वयाबरोबर घाम येण्याची आणि अंग थंड ठेवण्याची क्षमता कमी होते. कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल हवेतून धरतो, रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून रेशमासारखी चमकणारी स्वस्त साडी कार्यालयाच्या गर्दीत दोन तासांत नकोशी होते. काठ-रंग आजचा घ्या, धागा मात्र सुती किंवा रेशमी घ्या.

परकराची नाडीही बदला. दोरीसारखी बारीक नाडी घट्ट आवळायची सवय मोडा, रुंद पट्टा लावून घ्या आणि गाठीची जागा बदलत राहा. २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची नोंद केली. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या घर्षणाने जखम झाली, ती भरली नाही आणि तिथे त्वचेचा कर्करोग झाला. असं फार क्वचित घडतं. पण नाडीखालची कातडी काळी पडून खाजत असेल किंवा जखम भरत नसेल, तर लाजून अंगावर काढू नका.

आणि एक जागा अशी आहे की जिथे काळाबरोबर राहणं सर्वांत सोपं : चष्मा. तो रोज चेहऱ्यावर असतो आणि नंबर बदलला की काचा बदलाव्याच लागतात. तेव्हा फ्रेमही आजची, चेहऱ्याला शोभणारी निवडा. दहा साड्यांनी पडणार नाही इतका फरक पडेल.

या सगळ्यात एकच गोष्ट मला महत्त्वाची वाटते : निवड तुमची राहू द्या. वय वाढतं तसं मुलं-सुना प्रेमाने कपडे आणून देऊ लागतात. सोयीचे, फिके, सैल. आपणही 'आणलंय ना, चालेल' म्हणत जातो, आणि एक दिवस कपाटात आपल्या आवडीचं काहीच उरत नाही. दुकानात स्वतः जा. गुडघे दुखत असतील तर नातीच्या हाताला धरून जा, पण रंगावर बोट तुम्हीच ठेवा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. फॅशन बदलली आणि तुम्हीही बदललात; बदलला नाही तो मापाचा ब्लाउज. तो घरी ठेवा, दिवसाउजेडी नातीबरोबर बाहेर पडा आणि अंगावर माप द्या. खणाची चोळी तिला द्या. स्वतःसाठी तुमच्याच कपाटातली एखादी डाळिंबी साडी काढा आणि तिच्यावर कोपरापर्यंत बाहीचा, पुढून हूक असलेला नवा ब्लाउज शिवून घ्या. मार्गशीर्षाला अजून अवकाश असला, तरी लग्नसराईत शिंपी लवकर हाती लागत नाहीत. म्हणून जाणं याच आठवड्यात होऊ द्या.